साडेचार लाखांत नेमकं काय विकत मिळतंय?

पत्राचा गोषवारा : पुण्याच्या एक वाचक लिहितात, "बँकेतली नोकरी सोडून वर्ष झालं. नवऱ्याच्या मित्राचा धाकटा भाऊ गोव्यात कांदोळीला भाड्याचा दोन बेडरूमचा फ्लॅट एअरबीएनबीवर (पर्यटकांना घर भाड्याने द्यायची वेबसाइट) चालवतो. दिवाळीच्या आधी तो ऑस्ट्रेलियाला जातोय आणि चालता धंदा मला द्यायला तयार आहे. सामान, कामाच्या मावशी, घरमालकाशी ओळख आणि मुख्य म्हणजे १८६ रिव्ह्यू, ४.९ रेटिंग आणि सुपरहोस्टचा (उत्तम यजमानाचा) बिल्ला असलेलं अकाउंट. सगळ्याचे साडेचार लाख : दोन सामानाचे, अडीच अकाउंटचे. ईमेल, पासवर्ड, सिमकार्ड देतो, ५०० च्या स्टँप पेपरवर लिहूनही देतो म्हणतो. मी २५ हजार टोकन दिलंय. प्रोफाइलवर नाव-फोटो त्याचाच राहील, पण कोण विचारतंय, असं त्याचं म्हणणं. नवरा म्हणतो, शून्यापासून सुरू केलंस तर सीझन हातचा जाईल. यात कुणाचं नुकसान आहे असंही मला वाटत नाही. तरी मन तयार होत नाही. काय करू?"

उत्तर :

मन तयार होत नाही ते बरंच आहे. बँकेत वर्षानुवर्षं केवायसीचे कागद तपासलेल्या माणसाला 'दुसऱ्याच्या नावाचं खातं मी चालवते' हे वाक्य खटकणारच. तुम्हाला आतून जे खटकतंय, तेच मी जरा उलगडून सांगते.

आधी त्या अडीच लाखांकडे पाहू. त्या मुलाला वाटतं अकाउंट त्याच्या मालकीचं आहे, म्हणून तो विकू शकतो. तुम्हीही ते गृहीत धरलंत. एअरबीएनबीच्या अटी मात्र वेगळं सांगतात : अकाउंट ज्याच्या नावाचं, त्यानेच ते वापरायचं, दुसऱ्याला देता येत नाही. एका अकाउंटवरचे रिव्ह्यू उचलून दुसऱ्याच्या अकाउंटवर नेण्याचीही सोय नाही. आपल्याकडे रिक्षा विकत घेता येते, पण आधीच्या चालकाचा बॅज खिशात घालून ती चालवता येत नाही, तसंच हे. बॅज त्या माणसाची तपासणी करून त्याला दिलेला असतो.

स्टँप पेपरने यात फरक पडत नाही. तुमच्या दोघांत काय ठरलं त्याचा तो पुरावा आहे, पण कंपनी त्या करारात कुठेच नाही. उद्या अकाउंट बंद झालं आणि तुम्ही तो कागद कंपनीला पाठवलात, तर तुम्ही त्यांच्या अटी मोडल्याची लेखी कबुली स्वतःच दिलीत. पैसे परत मागायचे तर मागायचे कुणाकडे? ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मुलाकडे. पाचशे रुपये वाचवा.

आता अकाउंट कसं चालतं ते बघा, कारण धोका तिथल्या बारीकसारीक गोष्टींत आहे. ज्याने अकाउंट उघडलं त्याने सरकारी ओळखपत्र दिलेलं असतं आणि बऱ्याचदा सेल्फीही. ही तपासणी एकदा झाली म्हणजे कायमची मिटली असं नसतं. नवा फोन, नवं शहर, बँक खात्यात बदल असं काही वेगळं दिसलं की पुन्हा ओळख पटवायला सांगितलं जाऊ शकतं. समजा ३१ डिसेंबर आहे. पाहुणे थिवी स्टेशनला उतरून टॅक्सीत बसलेत, 'किल्ली कुठे आहे' असा मेसेज आलाय आणि तुमच्या स्क्रीनवर आलंय, 'चेहरा कॅमेऱ्यासमोर धरा.' चेहरा हवाय त्याचा, आणि तिकडे ऑस्ट्रेलियात मध्यरात्र उलटून गेलेली. तो उठेल, फोन घेईल, सेल्फी काढून देईल, एकदा देईलही. दर वेळी देईल का? पुढच्या वर्षी त्याला नवी नोकरी लागलेली असताना देईल का?

सिमकार्डचंही तेच. ते त्याच्या नावावर, त्याच्या आधारवर आहे. रिचार्ज राहिला, नंबर बंद पडला, तर ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या कुणालाही दिला जाऊ शकतो आणि ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जायला लागतात. त्याने प्रामाणिकपणे पासवर्ड दिला तरी मूळ ओळखपत्र त्याच्याकडेच राहणार. 'माझं अकाउंट दुसरंच कुणी वापरतंय' असा एक मेल त्याने केला तर कंपनी कुणाचं ऐकेल? त्याचंच. तो असं करेल असं मी म्हणत नाही, तुमच्या ओळखीतला मुलगा आहे. पण अडीच लाख देऊन तुम्ही त्याच्या मर्जीवर राहणार, एवढं लक्षात घ्या.

पैशांचा रस्ता तर याहून अवघड आहे, आणि इथे तुमचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त. कमाई त्याच्या पॅनवर नोंदली जाते. प्लॅटफॉर्म टीडीएस कापतो (ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर ०.१ टक्का आहे) तो त्याच्या नावाने. म्हणजे तुम्ही पाहुण्यांच्या चादरी बदलणार आणि उत्पन्न दिसणार त्याच्या एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या वार्षिक माहितीपत्रकात). त्याला नोटीस आली की तो तुम्हाला फोन करणार, आणि त्या वेळी कुणाचा कर किती यावरून जे वाद होतील त्यात तुमच्या नवऱ्याची मैत्रीही भरडली जाईल. शिवाय परदेशात स्थायिक झाल्यावर त्याचं इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथलं खातं) करावं लागतं. तुमचा रोजचा गल्ला एका अनिवासी माणसाच्या एनआरओ खात्यात जमा होतोय आणि तो तिथून दर महिन्याला तुम्हाला पाठवतोय, हे चित्र बँकेच्या काउंटरवर बसून तुम्ही स्वतः पाहिलं असतं तर काय शेरा मारला असता? आणि पैसे थेट तुमच्या खात्यात वळवले, तर अकाउंटवर नाव एकाचं, पॅन एकाचा, बँक खातं दुसऱ्याचं. तपासणीला आमंत्रण देण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग.

कायद्याचं थोडक्यात सांगते, घाबरवायला नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६डी कलमात संगणकाच्या साधनाने दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक करण्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. तुम्ही त्याच्या संमतीने अकाउंट चालवता, पाहुण्याला राहायला खरंच फ्लॅट मिळतो, त्यामुळे गुन्हा ठरेलच असं नाही. पण एखादा पाहुणा बाथरूममध्ये घसरून पडला, कुणाचे दागिने गेले किंवा खोलीत पोलिसांना काही सापडलं, तर पहिलाच प्रश्न येईल : बुकिंग घेणारा हा मुलगा कुठे आहे, आणि तुम्ही कोण? तिथे 'कोण विचारतंय' हे उत्तर चालणार नाही. नुकसानभरपाईचं जे संरक्षण एअरबीएनबी यजमानांना देतं, त्याचा दावाही अकाउंटधारकाच्या नावाने करायचा असतो. टीव्ही फुटला तुमचा, दावा त्याचा.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, यात कुणाचं नुकसान आहे असं वाटत नाही. मला वाटतं पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच.

बुकिंग करणारी एखादी मुलगी एकटी प्रवास करत असते. ती फोटो बघते, मग रिव्ह्यू वाचत खाली जाते. 'रात्री दीडला पोचलो तरी स्वतः खाली घ्यायला आला', 'गीझर बंद पडला, अर्ध्या तासात माणूस पाठवला'. ती त्या वाक्यांवर विसंबून पैसे भरते. ही वाक्यं भिंतींबद्दल नसतात, ती त्या मुलाबद्दल असतात. तुम्ही कदाचित त्याच्याहून चांगल्या यजमान व्हाल. पण तिला निवडीचा जो हक्क होता तो तुम्ही तिला न सांगता काढून घेतलात. शिवाय त्या इनबॉक्समध्ये आजवरच्या पाहुण्यांचे नंबर असतील, त्याच्या व्हॉट्सअॅपवर त्यांच्या आधार कार्डांचे फोटोही असतील. त्यांनी ते त्याला दिले होते. सिमकार्डासोबत तेही तुमच्या हाती येणार, आणि ते तुम्ही घेऊ नयेत असं मला स्पष्ट वाटतं.

घरमालकांविषयी तुम्ही फक्त 'ओळख' एवढंच लिहिलंय. भाडेकरार कुणाच्या नावावर आहे? त्यात पोटभाड्याने किंवा पर्यटकांना द्यायची परवानगी लेखी आहे का? सोसायटीला माहीत आहे का? गोव्यात पर्यटकांना पैसे घेऊन जागा द्यायची तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. ती त्या मुलाने केली असेल तर त्याच्या नावाने असेल, तुम्हाला तुमच्या नावाने करावी लागेल. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती (पूर्वीचा 'सी फॉर्म') ऑनलाइन भरावी लागते, त्याचं लॉगिनही जागा चालवणाऱ्याच्या नावाने असतं. अकाउंट एका नावाने, नोंदणी दुसऱ्या, करार तिसऱ्या, अशी वरात घेऊन तुम्ही पंचायतीत किंवा पोलीस ठाण्यात जाणार का? तेव्हा अकाउंटच्या आधी घरमालकाला भेटा. त्यांनी नकार दिला तर १८६ रिव्ह्यूंचा काही उपयोग नाही, कारण घरच नसेल.

तुमच्या नवऱ्याची काळजी मात्र मी उडवून लावणार नाही. गोव्यात वर्षाची कमाई ऑक्टोबर ते मार्चमध्ये होते, आणि नव्या लिस्टिंगचे (साइटवरच्या जागेच्या नोंदीचे) पहिले काही आठवडे खरंच रडवतात. पण शून्यापासून म्हणजे नेमकं किती लांबून, ते तपासू या. एअरबीएनबीवर तीन रिव्ह्यू आले की सरासरी तारे दिसायला लागतात. नव्या लिस्टिंगला पहिल्या तीन बुकिंगवर २० टक्के सवलत द्यायचा पर्याय मिळतो. तुमचा दर रात्रीला ३,५०० धरला आणि दोन-दोन रात्रींची तीन बुकिंग धरली, तर या सवलतीची किंमत होते ४,२०० रुपये. प्रत्येक पाहुणा रिव्ह्यू लिहीतच नाही, त्यामुळे दुप्पट धरा, तिप्पट धरा. अडीच लाखांपासून तरी कोसभर लांब आहोत.

सुपरहोस्टचा बिल्लाही तुम्हाला वाटतो तसा दगडावर कोरलेला नाही. दर तीन महिन्यांनी मागच्या ३६५ दिवसांचा हिशेब होतो : किमान १० मुक्काम, किमान ४.८ रेटिंग, ९० टक्के प्रतिसाद, १ टक्क्याहून कमी रद्द बुकिंग. त्याने केलेली मेहनत वर्षभरात या हिशेबातून आपोआप गळून पडते. आणि एका सीझनमध्ये १० मुक्काम कांदोळीत होत नसतील, तर मग हा फ्लॅट घ्यायचा की नाही यावरच पुन्हा विचार करावा लागेल.

तर मग त्या मुलाकडून घ्यायचं काय? बरंच काही आहे आणि त्याचे पैसे द्यायला हरकत नाही. सामान तर आहेच. त्याच्याकडे तीन वर्षांचे दरांचे आकडे असतील : कुठल्या आठवड्यात काय भाव मिळाला, नाताळसारख्या गर्दीच्या दिवसांत किती, जुलैत किती. मावशींचा विश्वास आहे, लॉन्ड्रीवाला आहे, एप्रिल-मे मध्ये पाण्याचा टँकर वेळेवर पाठवणारा माणूस आहे. हे ज्ञान विकाऊ आहे आणि कायदेशीर आहे. 'हस्तांतर आणि प्रशिक्षण' म्हणून त्याला ३०-४० हजार देऊ करा, अर्धे आता, अर्धे सीझन सुरू झाल्यावर. फोटो त्याने काढले असतील तर ते वापरायची लेखी परवानगी घ्या, किंवा सरळ नवे काढा. पावसाळ्यानंतर भिंतीवर ओल आली असेल तर जुने फोटो तसेही खोटं बोलतील.

त्याच्या कॅलेंडरवर पुढची बुकिंग असतीलच. ती रद्द करू नका म्हणावं. यजमानाने रद्द केलं तर त्याला दंड बसतो आणि पाहुण्याची सुट्टी मोडते. यासाठी को-होस्टची, म्हणजे सह-यजमानाची सोय आहे. तुम्ही तुमच्या ओळखपत्राने, तुमच्या नावाचं अकाउंट आजच उघडा, त्याने तुम्हाला त्याच्या लिस्टिंगवर को-होस्ट करावं. पाहुण्यांना तुमचं नाव, फोटो दिसेल, मेसेज तुम्ही पाठवाल, यजमान अजून तोच असेल आणि जबाबदारीही त्याचीच. ठरलेल्या तारखेनंतर त्याने कॅलेंडर बंद करायचं, त्यानंतरची बुकिंग तुमच्या लिस्टिंगवर. जुनं आणि नवं दोन्ही एकाच तारखेला खुलं राहिलं तर एकाच रात्री दोन कुटुंबं बॅगा घेऊन दारात उभी राहतील, म्हणून ही तारीख कागदावर लिहा. मात्र को-होस्ट होऊन मागच्या दाराने वर्षानुवर्षं त्याचं अकाउंट चालवायचं, असा कुणी सल्ला दिला तर तो ऐकू नका. तो इथे नसेल, त्याचा फ्लॅट नसेल, तर तो यजमान राहिलेलाच नाही.

जुन्या पाहुण्यांना त्याने निरोपाचा मेसेज स्वतः पाठवावा, 'यापुढे हे घर अमुक ताई बघतील'. यात काही लपवाछपवी नाही, आणि दरवर्षी येणारी दोन-चार कुटुंबं तुमच्याकडे नक्की येतील.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. दापोली, गुहागर, मालवणकडे बऱ्याच घरी सासऱ्यांच्या नावाचं अकाउंट असतं आणि सगळं सूनबाई बघतात. तिथे खरेदी-विक्री नाही, पण पेच हाच. सासरे हयात आहेत तोवर सूनबाईंना को-होस्ट करून घ्या, म्हणजे त्यांच्या नावाची नोंद राहते आणि पुढे स्वतःची लिस्टिंग करताना हात बांधलेले नसतात. अकाउंटधारक वारले असतील तर त्यांच्या पासवर्डने चालवत राहू नका. कंपनीला कळवा, मृत्यूचा दाखला द्या, पुढची बुकिंग कशी सांभाळायची ते विचारा. अकाउंट एखाद्या नोंदणीकृत कंपनीच्या नावाने असेल आणि तुम्ही ती कंपनीच विकत घेत असाल, तर तो वेगळा व्यवहार आहे. तिथे सीए आणि वकील दोघेही आधी, पैसे नंतर.

टेलिग्रामवर 'व्हेरिफाइड होस्ट अकाउंट' म्हणून जी विकली जातात त्यांच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका. ती कुणाच्या चोरलेल्या ओळखपत्रावर उघडलेली आहेत हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि उद्या त्याच अकाउंटवरून नसलेल्या बंगल्याचे पैसे उकळले गेल्याची तक्रार निघाली तर शेवटचं लॉगिन तुमचं असेल. पैसे देऊन बसला असाल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. ओळखीच्यांत हसं होईल म्हणून दोन दिवस घालवले की रक्कम पुढच्या खात्यात गेलेली असते.

आता तुमचे २५ हजार. ते सामानाच्या रकमेत वळते करा असं त्याला आजच लिहून पाठवा, फोनवर बोलू नका. 'सामानाचे दोन लाख, त्यातले २५ हजार पोचले, अकाउंट मला नको, हस्तांतरासाठी वेगळे इतके देईन.' तो बिथरेल, कदाचित म्हणेल की दुसरा गिऱ्हाईक तयार आहे. असू दे. निघायची तारीख त्याची ठरलेली आहे, तुमची नाही, आणि दोन बेडरूमचं सामान कांदोळीतून उचलून विकायला त्याला वेळ नाही. मात्र दोन लाखांचा आकडाही डोळे झाकून मान्य करू नका. एकदा स्वतः जा आणि यादी करत प्रत्येक वस्तू चालवून बघा. एसीचं बाहेरचं युनिट आधी तपासा, समुद्राच्या खाऱ्या हवेने ते आतून खाल्लेलं असतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीवरची तारीख वाचा, गाद्या उलटून बघा. या तीन गोष्टींतच मला वाटतं तीस-चाळीस हजार कमी होतील.